खानझोड्यांनी पास केलेला चमत्कार

हिंदी मुलखातल्या सोनागिरी वसाहतीत अच्युत खानझोड्यांना ओळखत नाही असा माणूस एक तर नवा भाडेकरू असतो, नाही तर कानांनी अधू. कारखान्याच्या तपासणी विभागात त्यांचं सगळं आयुष्य गेलं. तयार झालेला भाग समोर आला की तो मोजायचा, ठोकून ऐकायचा, भिंगाखाली बघायचा आणि त्याला चिठ्ठी बांधायची. हिरवी म्हणजे पास, लाल म्हणजे भंगार, पिवळी म्हणजे रीवर्क, परत बनवणाऱ्या शॉपमध्ये जाऊन सुधारून ये. निवृत्त झाल्यावर चिठ्ठ्या कारखान्यात राहिल्या, पण सवय त्यांच्यासोबत घरी आली. कांचनवहिनी म्हणतात, यांच्या निरोपसमारंभात अख्ख्या कारखान्यानं सुटकेचा श्वास सोडला आणि मी जो घेतला तो अजून सोडायचाय.

गणपतीचा मांडव उभा राहिला की हे ओळंबा घेऊन हजर. एका वर्षी त्यांनी डावा खांब काढून पुन्हा पुरायला लावला, तोवर बाप्पा टेंपोतच बसून होते. बिट्टन मार्केटला भाजी घ्यायला जाताना खिशात स्वतःचा काटा असायचा, त्यामुळे ते दिसले की भाजीवाले आपापसात म्हणायचे, लो, इन्स्पेक्टर साहब आ गए, और राउंड पे राउंड मारेंगे. आणि नागपूरकडची जुनी माणसं सांगतात ती गोष्ट तर अशी, की मुलगी बघायला गेले तेव्हा पोह्यांचा घास गिळून यांनी विचारलं, हे मुलीनंच केलेत कशावरून. बैठकीत सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. तेव्हा मुलीनंच मान वर करून सांगितलं, की हे आईनं केलेत, मला पोहे जमत नाहीत, माझे लगदा होतात. तेवढ्यावर लग्न ठरलं. स्वतःच्या तोट्याचं जो सांगतो तो खोटं बोलत नाही, असा खानझोड्यांचा तेव्हापासूनचा हिशेब. वहिनींचे पोहे आजही लगदाच होतात, आणि खानझोडे ते निमूट खातात.

अशा माणसाचा जिवलग मित्र कोण, तर प्रभाकर रणपिसे. हे पण नागपूरचे, पिढ्यान् पिढ्यांचे ख्रिस्ती. आजोबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. प्रभाकर कारखान्यात वाइंडिंगला होते, म्हणजे तांब्याच्या तारेची वेटोळी बसवायचं काम. आवाज खर्जातला, त्यामुळे चर्चच्या गायनात त्यांची जागा पक्की. कारखान्यात एकमेकांना आडनावानं हाक मारायची पद्धत, ती दोघांत कायम राहिली. दोघांनी सोनागिरीत दोन गल्ल्यांच्या अंतरानं घरं बांधली आणि रोज सकाळी फिरायला एकत्र निघायचं ठरवलं. फिरणं हे निमित्त. खरा कार्यक्रम चमत्कारांवरच्या भांडणाचा.

सुरुवात खानझोडे करायचे. येशू पाण्यावर चालला म्हणतोस ना रणपिसे, पण महिना कोणता होता? मे महिन्यात आपल्या मोठ्या तलावाच्या काठाकाठानं म्हशीसुद्धा चालतात, त्यांना कोणी प्रभू म्हणत नाही. त्यावर रणपिसे शांतपणे विचारायचे, की आळंदीची भिंत कोणत्या महिन्यात चालली? आणि रेड्यानं वेद म्हटले तेव्हा तपासणीला कोण होतं? खानझोडे म्हणायचे, भिंतीलाही मी हिरवी चिठ्ठी दिलेली नाही. रणपिसे म्हणायचे, मग तू कुठल्याच घरचा नाहीस. पाच भाकरी नि दोन मासे यांत पाच हजार माणसं जेवली या विषयावर तर एक अख्खा हिवाळा गेला. खानझोड्यांचा मुद्दा असा, की भाकरी केवढ्या होत्या हे लिहिलेलं नाही, आणि माप नसलेला माल मी आत घेत नाही. रणपिसे म्हणाले, तू तिथं असतास तर लोक उपाशी मेले असते, कारण तू आधी भाकरी मोजल्या असत्यास.

यात कडवटपणा कधी नव्हता. नाताळात रणपिस्यांकडून करंज्या नि केक खानझोड्यांकडे यायचा, दिवाळीत चकल्या उलट दिशेनं जायच्या, आणि दोन्ही बायका फाटकाशी उभ्या राहून नवऱ्यांची नक्कल करायच्या. रत्नप्रभावहिनी म्हणजे रणपिस्यांच्या पत्नी. त्या सरकारी इस्पितळातून सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या. जीभ सुईसारखी. देवावर विश्वास पूर्ण, नवऱ्यावर बेताचा.

गेल्या वर्षी याच रत्नप्रभावहिनींना खोकला लागला आणि जाईना. सोनागिरीजवळच्या एका छोट्या सेंटरवर छातीचा फोटो काढला, तर त्यात डाग दिसला. डॉक्टरनं चेहरा लांब केला आणि मोठ्या इस्पितळात जायला सांगितलं. तिथली तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. दोन्ही वेळा गाडी खानझोड्यांची होती आणि चालवायलाही तेच होते. मधल्या तीन आठवड्यांत रणपिस्यांनी दाढी केली नाही. सकाळी फिरायला यायचे, पण भाकरी-मासे, म्हशी, भिंत, सगळं बंद. खानझोडे शेजारून नुसते चालायचे. चर्चमधली माणसं संध्याकाळी रणपिस्यांकडे जमून प्रार्थना करायची. मग मोठ्या इस्पितळात पुन्हा फोटो निघाला, आणि डाग नव्हता. फुप्फुस स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, साधा कफ आहे, औषध घ्या आणि घरी जा.

ख्रिस्ती घरांत अशा वेळी उपकारस्तुती ठेवतात. संकट टळलं म्हणून माणसं बोलवायची, गाणी म्हणायची, देवाचे आभार मानायचे, मग खाणं. त्यात ज्याच्या घरी देवानं काही केलं असेल तो उठून साक्ष देतो, म्हणजे काय घडलं ते सगळ्यांसमोर सांगतो. रणपिस्यांच्या बैठकीत त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या शेजारच्या गल्लीतून आणलेल्या. पाळकसाहेब आलेले. खानझोडे आणि कांचनवहिनी पुढच्या रांगेत, घरच्यांच्या मानानं.

रणपिस्यांनी साक्ष दिली. डाग सांगितला, तीन आठवडे सांगितले, स्वच्छ फोटो सांगितला. सांगता सांगता खर्जातला आवाज चिरकला. लोक पुटपुटत आमेन म्हणत होते. आणि मग, आनंदाच्या भरात, रणपिस्यांना जे सुचायला नको होतं ते सुचलं. ते म्हणाले, माझ्यावर विश्वास ठेवू नका. हा माझा मित्र बसलाय. यानं आयुष्यभर तपासणी केली. दोन्ही वेळा हा तिथं होता. याला विचारा.

आता दुसरा कोणीही असता तर त्यानं उभं राहून हात जोडले असते आणि म्हटलं असतं, की देवाची कृपा. खानझोडेही तसेच उठले. पण समोर इतकी माणसं उत्तराची वाट बघताना दिसली आणि त्यांच्या अंगात कारखाना संचारला. काय पाहिलं ते सांगायला बोलावलंय, तर जे पाहिलं तेच सांगायचं, यात त्यांना दुसरा मार्गच माहीत नव्हता. त्यांनी सांगितलं, की पहिला फोटो आणि दुसरा फोटो एका मशीनवर काढलेला नाही. दोन वेगळ्या मशीनांची तुलना होत नाही. त्यातून पहिल्या सेंटरवर मशीन जुनं होतं, तिथला माणूस मशीनची काच रुमालानं पुसत होता, ते मी डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा माझ्या मते पहिला फोटोच चुकीचा. वहिनींना तसं काही झालेलंच नव्हतं.

हे सांगून ते हसले. त्यांच्या मनात यापेक्षा चांगली बातमी नव्हती. आजार आला आणि गेला यापेक्षा आजार कधी आलाच नाही, हे कितीतरी बरं. त्यांना वाटलं, लोक टाळ्या वाजवतील.

टाळी वाजली नाही. पेटीवरच्या बाईंचा हात सुरावरच राहिला आणि सूर लांबत गेला. मागच्या रांगेत कोणीतरी खोकलं. रत्नप्रभावहिनींनी पदर तोंडाला लावला, तो हसू दाबायला की आणखी कशाला, ते कळलं नाही. पाळकसाहेबांनी घाईघाईनं पुढचं गीत सांगितलं. कांचनवहिनींनी नवऱ्याला सदऱ्याला धरून खाली बसवलं.

खाण्याच्या वेळी रणपिसे हातात ताटली घेऊन खानझोड्यांसमोर आले. ताटली दिली नाही. हळू आवाजात म्हणाले, “म्हणजे मी तीन आठवडे देवापुढे रडलो, ते रुमालानं पुसलेल्या काचेसाठी?”

खानझोड्यांनी यावर विचार केला आणि, खरं बोलायची खोड, म्हणाले, “तसंच दिसतंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी खानझोडे कोपऱ्यावर उभे राहिले. रणपिसे आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मग कळलं, की ते आता अयोध्या नगरच्या बाजूला फिरायला जातात, उलट्या दिशेला. ही बातमी आणणाऱ्या शेजारणीला ती यांना सांगण्यात किती आनंद झाला, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

खानझोडे एकटेच फिरू लागले. एकट्याला किती वेळ फिरायचं ते कळेना. कधी अर्ध्या वाटेतून परत, कधी इतके लांब की कांचनवहिनी फोन करून विचारायच्या, इंदूरला पोचलात का. घरी आल्यावर ते वर्तमानपत्राशी भांडायचे. कांचनवहिनींनी सरळ सुचवलं, की जा आणि माफी मागा. खानझोडे म्हणाले, मी चुकीचं काय बोललो? मशीनं वेगळी होती की नाही? माणूस काच पुसत होता की नाही?

“बरोबर होतं सगळं,” वहिनी म्हणाल्या. “आता त्या बरोबरला घेऊन फिरायला जात जा रोज.”

खानझोड्यांनी तसं दाखवलं नाही, पण हे वाक्य त्यांना लागलं. खानझोड्यांना दुसरा मित्र नव्हता. तपासणीवाल्याला नसतो. ज्यांच्या मालाला लाल चिठ्ठ्या बांधल्या ती माणसं लग्नाला बोलावतात, पण फिरायला बरोबर घेत नाहीत. रणपिसे एकटे असे, की ज्यांच्या वेटोळ्याला यांनी एकदा पिवळी चिठ्ठी बांधली तर त्यांनी संध्याकाळी घरी चहाला बोलावून विचारलं, नेमकं कुठे चुकलं ते दाखव. आणि वय झाल्यावर नवे मित्र कुठल्या दुकानात मिळतात, ते कोणाला माहीत आहे? रणपिसे गेले तर गेले, हे त्यांना रोज सकाळी कोपऱ्यावर कळायचं. पण माफी मागायची म्हणजे खोटं बोलायचं. आणि खोटं बोलून परत मिळवलेला रणपिसे हा तपासणीत टिकायचा नाही.

अशातच त्यांच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला. ऑपरेशनच्या वेळी रणपिसे बरोबर येणार हे आधीपासून ठरलेलं होतं, कारण चिन्मय, म्हणजे खानझोड्यांचा मुलगा, पुण्यात. पण आता ठरलेलं सगळं मोडलेलं. कांचनवहिनी ऑटोनं घेऊन गेल्या. ऑपरेशन झालं, डोळ्याला पट्टी बांधली, दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायला बोलावलं.

पट्टी निघाली आणि खानझोड्यांनी उजवा डोळा हातानं झाकून डाव्यानं बघितलं. बाहेर व्हरांड्यात उंच, काळपट, फांद्या हलवणारं काहीतरी ओळीनं चाललं होतं. त्यांनी डॉक्टरला विचारलं, इस्पितळात झाडं चालवता का तुम्ही? डॉक्टर तरुण होता, हसला. म्हणाला, “अंकल जी, वो मरीज़ हैं. अंदर थोड़ी सूजन है, दो-चार दिन में उतर जाएगी, फिर सब साफ़ दिखेगा.”

खानझोड्यांना हे अजिबात पटलं नाही. पैसे एका ऑपरेशनचे घेतले तर एका ऑपरेशनमध्ये दिसायला हवं. ते त्या पोराला सांगायला लागले, की आमच्याकडे पहिल्या खेपेला माल उतरला नाही तर काय करायचे. कांचनवहिनींनी त्यांना काळा चष्मा घातला आणि बाहेर काढलं.

घरी दिवसातून चार-पाच वेळा थेंब घालायचे. कांचनवहिनींचा हात थरथरतो, थेंब गालावर पडायचे. गल्ल्यांतून फिरत ही बातमी योग्य ठिकाणी पोचली आणि दुपारी रत्नप्रभावहिनी दारात उभ्या. हात धुऊन, खानझोड्यांची मान मागे टाकून, पापणी ओढून त्यांनी अचूक थेंब टाकला. चाळीस वर्षांचा हात. नवऱ्यांचं बोलणं बंद असलं तर असो, त्या म्हणाल्या, डोळा तर माझ्याशी भांडलेला नाही.

खानझोड्यांनी डोळे मिटूनच तक्रार सुरू केली. कसली ऑपरेशनं करतात, माणसं झाडांसारखी दिसतात, चालणाऱ्या झाडांसारखी.

रत्नप्रभावहिनी हसायला लागल्या. हसू थांबेना तेव्हा खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, अहो खानझोडे भाऊजी, हे तुमच्या आधी एका माणसानं म्हटलंय. आमच्या शुभवर्तमानात आहे. चार शुभवर्तमानांपैकी सगळ्यात आखूड जे आहे, त्यात.

आणि त्यांनी गोष्ट सांगितली. एका गावात येशूपुढे आंधळा माणूस आणला. येशूनं त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेलं, डोळ्यांना थुंकी लावली, हात ठेवले आणि विचारलं, काही दिसतंय का. तो माणूस म्हणाला, माणसं दिसताहेत, पण झाडांसारखी, चालणारी. मग येशूनं पुन्हा एकदा डोळ्यांवर हात ठेवले, आणि त्याला सगळं स्वच्छ दिसू लागलं.

खानझोडे एकदम उठून बसले. थेंब गालावरून ओघळला. “थांबा. पुन्हा हात ठेवले?”

“हो.”

“म्हणजे पहिल्यांदा काम अर्धवट झालं? आणि हे लिहिलंय? तुमच्याच माणसानं?”

रत्नप्रभावहिनींनी गोष्ट पुन्हा सांगितली. मग खानझोड्यांनी तिसऱ्यांदा सांगायला लावली. बाकीच्या तिन्ही शुभवर्तमानांत ही गोष्ट आहे का, ते विचारलं. वहिनी म्हणाल्या, नाही, बाकीच्यांनी घेतलेली नाही, ही एवढी एकातच.

खानझोड्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते कांचनवहिनींनी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. ते भराभर बोलायला लागले. कारखान्यात खोटा रिपोर्ट कसा ओळखायचा हे त्यांनी दोघींना सांगितलं. खोट्या रिपोर्टात सगळं पहिल्या फटक्यात बरोबर असतं. आकडे गुळगुळीत असतात. कोणी रीवर्कची नोंद खोटी करत नाही, कारण त्यात आपलीच लाज. ज्याला येशूचा मोठेपणा रचून सांगायचा होता, त्यानं त्याचा हात पहिल्यांदा कमी पडला असं कशाला रचलं असतं? तो बाकीच्यांसारखी ही गोष्ट गाळून मोकळा झाला असता. ज्या अर्थी यानं लिहिली, त्या अर्थी यानं ऐकली तशी लिहिली.

“मग मानलं तुम्ही?” रत्नप्रभावहिनींनी विचारलं.

इथं मात्र ते सावध झाले. म्हणाले, रिपोर्ट खरा म्हणजे माल चांगला, असं होत नाही. घडलं की नाही हे मला सांगता येणार नाही. पण लिहिणारा लबाड नाही, एवढं मी लिहून द्यायला तयार आहे.

रत्नप्रभावहिनी जायला उठल्या. चप्पल घालता घालता, कोणाकडे न बघता म्हणाल्या, माझ्या छातीत डाग होता की काच मळली होती, ते मला ठाऊक नाही, मी सिस्टर आहे, मलाही मशीनं कळतात. पण लग्नाला एवढी वर्षं झाली, या माणसाला घरात चहाची पत्ती कुठे असते ते माहीत नव्हतं. त्या तीन आठवड्यांत तो रोज चहा करून आणायचा. घाणेरडा व्हायचा. माझ्या उशाशी बसून मला ऐकू जाऊ नये म्हणून भिंतीकडे तोंड करून प्रार्थना करायचा, आणि त्याच्या त्या आवाजात शेजारच्यांनाही ऐकू जायची. तुम्ही लोकांना मशीनचं सांगितलंत. तुमच्या गाडीत मागच्या सीटवर काय चाललं होतं, ते नाही सांगितलंत.

त्या गेल्या. मागच्या सीटवर काय चाललं होतं ते खानझोड्यांनी गाडीच्या आरशात पाहिलं होतं. रणपिस्यांनी बायकोची पर्स छातीशी धरली होती, लहान मूल धरतात तशी, आणि इस्पितळाच्या दारापर्यंत सोडली नव्हती. काय पाहिलं ते सांग म्हणून त्यांना उभं केलं होतं, आणि त्यांनी हे गाळलं होतं. कारण याला माप नव्हतं.

सूज उतरायची वाट त्यांनी बघितली नाही. संध्याकाळी काळा चष्मा लावून, एका डोळ्यानं रस्ता आणि दुसऱ्यानं जंगल बघत ते दोन गल्ल्या ओलांडून गेले. मध्ये एका झाडाला त्यांनी नमस्कार केला, ते निघाले पोस्टातले जुने साहेब. दुसऱ्या झाडाला नमस्कार केला, ते झाडच होतं.

रणपिसे अंगणात कुंडीतली माती उकरत होते. फाटक वाजलं तरी त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, वहिनींना सांग, थेंबासाठी ही येईल, तुला यायची गरज नव्हती.

खानझोड्यांनी पायरीवर बसून थेट मुद्द्याला हात घातला. दुसरं काही त्यांना जमतच नाही. “त्या दिवशी मी साक्ष अर्धी दिली. मशीनचं सांगितलं ते खरं. पण तू गाडीत वहिनींची पर्स धरून बसला होतास ते पण मी पाहिलं. ते कुठल्या काचेमुळं दिसलं नव्हतं. ते मी सांगायला हवं होतं. त्याचं माप मी विचारणार नाही.”

रणपिस्यांच्या हातातली खुरपी थांबली. ते म्हणाले, “पर्स धरली होती?”

“अख्खा रस्ताभर.”

“मला आठवत नाही.”

“तुला कसं आठवेल? तू कुठं गाडीत होतास?”

रणपिस्यांनी खुरपी कुंडीत रोवली, हात झटकले आणि पायरीवर येऊन बसले. मध्ये वीतभर अंतर. प्रकरण इथं मिटायला हरकत नव्हती. शहाणा माणूस असता तर चहा पिऊन घरी गेला असता. पण खानझोड्यांच्या पोटात दुपारपासून दुसरी गोष्ट उड्या मारत होती, आणि ती त्यांनी बाहेर काढली. तुमच्यातला एक चमत्कार मी पास करायच्या बेतात आहे, असं त्यांनी जाहीर केलं. आंधळ्याची गोष्ट, झाडं, दुसऱ्यांदा हात, बाकी तिघांनी गाळलेलं, सगळं सांगितलं, आणि शेवटी खोट्या रिपोर्टात रीवर्क कधीच नसतो हा आपला सिद्धांत मांडला. रणपिसे आनंदानं मिठी मारतील अशी त्यांची खात्री होती.

रणपिस्यांचे कान लाल झाले. “रीवर्क? अबे खानझोडे, प्रभूच्या हाताला तू पिवळी चिठ्ठी बांधतोस?”

“हिरवी बांधतोय. पिवळीवरून हिरवी होते. पद्धतच आहे ती.”

“त्यात कमी पडायचा प्रश्नच नाही. प्रभू कोण आहे हे शिष्यांना तेव्हा अर्धवटच दिसत होतं, म्हणून त्यांना शिकवायला तसं मुद्दाम केलं. पाळकसाहेबांनी दर वेळी हेच सांगितलंय.”

“मुद्दाम केलं असं त्यात लिहिलंय का?”

“लिहिलेलं नाही, पण अर्थ तोच आहे.”

“लिहिलेलं नाही ना. मग हे तू तुझ्या मनानं घुसडलंस. मी जसंच्या तसं मानतोय, आणि तू मला त्यात सुधारणा सुचवतोस. आता सांग, शास्त्र कोण मानतं?”

घरातून रत्नप्रभावहिनींच्या हसण्याचा आवाज आला. रणपिसे उठले, आत जाऊन मोठ्या अक्षरांचं पुस्तक घेऊन आले, तो उतारा उघडून खानझोड्यांपुढे धरला आणि वाच म्हणाले. खानझोडे म्हणाले, मला वाचायची मनाई आहे. मग रणपिस्यांनी स्वतः वाचून दाखवला, खर्जात, एकेका शब्दावर बोट ठेवून. दुसऱ्यांदा हात ठेवल्याच्या जागी ते थांबले. पुन्हा वाचलं. त्यांनी तो उतारा शंभरदा ऐकला असेल, पण त्या जागी ते आजवर थांबले नव्हते.

“अवघड आहे खरं,” ते म्हणाले. मग लगेच, “पण तू म्हणतोस तसं नाही.”

अंधार पडेपर्यंत दोघांचा आवाज दोन्ही गल्ल्यांत ऐकू येत होता. कांचनवहिनी थेंबांची बाटली घेऊन स्वतःच तिकडे आल्या, तेव्हा वाद येशूनं त्या माणसाला गावाबाहेर का नेलं, इथवर आला होता. खानझोड्यांचं म्हणणं, बघ्यांचा त्रास नको म्हणून, चांगला कारागीर तेच करतो. रणपिस्यांना ते नामंजूर होतं, पण कारागीर हा शब्द आवडलेला दिसला, कारण येशू सुताराच्या घरचा होता हे त्यांनी लगेच जोडून दिलं. रत्नप्रभावहिनींनी दोघांच्या मधे उभं राहून थेंब टाकला आणि दोघांना गप्प बसायला सांगितलं. एक मिनिट ते बसले.

रणपिसे मित्राला पोचवायला निघाले. काळ्या चष्म्यात रस्त्यावरचा खड्डा दिसत नाही म्हणून कोपर धरलं होतं. उजव्या डोळ्यालाही मोतीबिंदू आहे, तो कधी काढायचा, असं त्यांनी विचारलं. हा डोळा बरा झाला की दोन महिन्यांनी, खानझोडे म्हणाले.

“त्या वेळी मी येणार,” रणपिसे म्हणाले. “आणि पट्टी निघाल्यावर काय दिसतं ते आधी मला सांगायचं. वहिनींनाही नाही.”

“आणि जे दिसेल तेच सांगीन.”

“तेच सांग. तुझ्याकडून दुसरं मिळणार तरी काय?”

उद्या सकाळी किती वाजता, हे कोणीच विचारलं नाही. मागून येणाऱ्या कांचनवहिनी दर चार पावलांवर थांबत होत्या, कारण पुढचे दोघं पाच भाकऱ्यांपाशी येऊन रस्त्याच्या मधोमध उभे राहिले होते आणि एक ऑटोवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला होता.